‘आवडले का?’ आणि ‘चालले का?’

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाची मुख्य नियमपुस्तिका २०१४ साली नव्याने लिहून प्रसिद्ध झाली. तिच्या श्रेयनामावलीत लेखक, संपादक आणि चित्रकार यांच्या नावांबरोबर आणखी एक नोंद आहे. हे नियम १,७५,००० हून अधिक चाहत्यांनी खेळून पाहिले, त्यांचे आभार, असा तिचा आशय आहे. पावणेदोन लाख माणसे म्हणजे एखाद्या तालुक्याची वस्ती झाली! एवढ्या लोकांनी आधी तपासून दिलेले दुसरे पुस्तक सहसा आपल्या पाहण्यात येत नाही. साहजिकच वाचकाला वाटते, की यात आता चूक कुठली राहणार?

चुका राहिल्या, आणि काही तर अगदी ठळक राहिल्या. पण हा लेख त्या चुका मोजण्यासाठी नाही. एखादी गोष्ट तयार होत असतानाच ती वापरणाऱ्यांच्या हाती द्यायची, त्यांच्याकडून तपासून घ्यायची आणि मग पक्की करायची, ही रीत आज सर्वत्र दिसते. संगणकाच्या प्रणाली अशा तयार होतात, खेळ होतात आणि क्वचित पाठ्यपुस्तकेही होतात. या रीतीत नेमके काय तपासले जाते आणि काय निसटते, हे पाहायला हा खेळ फार सोयीचा आहे. त्याची पन्नास वर्षांची हकीकत उपलब्ध आहे, आणि तीत चाचणीच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा येऊन गेल्या आहेत.

खेळ कसा असतो?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असते, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी वगैरे गुण एका कागदावर आकड्यांत लिहिलेले असतात. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, “तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून धुराचा वास येतो आहे. काय करता?” खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात. ते जमेल की नाही अशी शंका असेल, तर वीस पृष्ठांचा फासा टाकायचा, त्यात आपल्या गुणांचा आकडा मिळवायचा आणि बेरीज ठरावीक संख्येएवढी किंवा तिच्यापेक्षा जास्त आली तर काम फत्ते. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची, एवढाच उद्देश.

आता अशा खेळाचे नियम तपासणे अवघड का जाते, ते पाहा. सारीपाटात किंवा बुद्धिबळात नियम चुकला तर डाव तिथेच अडतो. येथे डाव अडत नाही. नियम अपुरा असेल तर सूत्रधार वेळ मारून नेतो, जाचक असेल तर हळूच बाजूला ठेवतो. चांगला शिक्षक वाईट पाठ्यपुस्तकही निभावून नेतो, तसाच हा प्रकार आहे. तास रंगतो, मुले खूश होतात, आणि पुस्तकातला दोष जिथल्या तिथे राहतो. वर्ग संपल्यावर मुलांना “तास आवडला का?” असे विचारले तर ती “हो” म्हणतील. त्या उत्तरातून पुस्तकाबद्दल काहीच कळणार नाही.

म्हणून या खेळांच्या चाचणीत दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिला, “आवडले का?” आणि दुसरा, “चालले का?” पहिल्याचे उत्तर मत असते. दुसऱ्याचे उत्तर निरीक्षणातून मिळते. माझे म्हणणे असे, की चाहत्यांना सामील करून घेण्याच्या मोठमोठ्या प्रयोगांत या दोन प्रश्नांची गल्लत झाली आणि पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचा निकाल लावला गेला.

लेखक टेबलाशीच बसलेला

खेळाचा जन्म १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांतला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे आहेत. तेथे डेव्ह आर्नेसन हा तरुण आपल्या मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात साहसे खेळत असे. त्याआधी ही मंडळी खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळत. आर्नेसनने एका खेळाडूला एकच पात्र देऊन ते पात्र खेळागणिक वाढत जाऊ दिले. १९७२ च्या अखेरीस त्याने विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी जाऊन गॅरी गायगॅक्स आणि त्यांच्या मंडळींना हा खेळ खेळवून दाखवला. गायगॅक्स यांना तो इतका भावला, की त्यांनी नियम लिहून काढायला घेतले. घरी त्यांची मुले आणि शेजारपाजारचे मित्र खेळत, तिकडे जोडशहरांत आर्नेसनचा गट खेळत असे. १९७४ साली तीन छोट्या पुस्तिका एका पेटीत घालून हजार प्रती छापल्या गेल्या.

या चाचणीचा गुण उघड आहे. लेखक स्वतः टेबलाशी बसलेला होता. खेळाडू कुठे अडखळतो, कुठे कंटाळतो आणि कुठे खुर्चीवरून उठून उभा राहतो, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. कोणाला काही विचारण्याची गरजच नव्हती. खेळाचा गाभा, म्हणजे गुहेत उतरणे, धोका पत्करणे आणि हळूहळू बलवान होणे, आज पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे, तो या पाहण्यामुळेच.

दोषही तितकाच उघड आहे, आणि तोही याच गोष्टीतून आला. लेखक सदैव हजर असल्यामुळे लिहिलेले नियम कोणाला एकट्याने वाचावेच लागले नाहीत. शंका आली की गायगॅक्सना विचारायचे! पेटी जेव्हा दूरच्या गावी अनोळखी हातांत पडली, तेव्हा लोकांना काही बोध होईना. लढाईचे नियम समजून घ्यायला ‘चेनमेल’ हे दुसरेच पुस्तक जवळ असावे लागे. ज्याने खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नाही त्याला त्या पुस्तिकांवरून तो खेळता येणे कठीण होते. गावोगावच्या गटांनी आपापल्या समजुतीने पोकळ्या भरल्या आणि एकाच खेळाचे अनेक खेळ झाले.

खेळ तपासला गेला होता, पण पुस्तक तपासले गेले नव्हते. खेळ रचणारे लोक आज यासाठी एक साधी कसोटी वापरतात. नियम लिहून एका अनोळखी गटाच्या हाती द्यायचे आणि लेखकाने तोंड बंद ठेवायचे. त्याने समजावून सांगायचे नाही, हावभावही करायचे नाहीत. गट चुकीच्या वाटेने गेला तर जाऊ द्यायचे आणि कोणत्या वाक्यामुळे गेला ते टिपून ठेवायचे. यात ‘आवडले का?’ हा प्रश्नच येत नाही. फक्त ‘चालले का?’ एवढेच पाहिले जाते.

बंद दार आणि उघडे दार

पुढे खेळाची मालकी बदलत गेली. १९९७ साली तो ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे आला. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली आणि तिच्याबरोबर एक मुक्त परवाना आला. नियमांचा गाभा इतरांनीही वापरावा, त्यावर आपापली पुस्तके काढून विकावीत, अशी मुभा त्यात होती. असंख्य लहान प्रकाशक त्यावर उभे राहिले.

२००८ साली चौथी आवृत्ती आली. तिची चाचणी मोजक्या लोकांत आणि गुप्ततेच्या अटीवर झाली होती. ही आवृत्ती बरीच वेगळी होती. रचना म्हणून ती नीटनेटकी होती, पण जुन्या खेळाडूंतील मोठ्या वर्गाला ती आपली वाटली नाही. त्याच वर्षी ‘पायझो’ या दुसऱ्या प्रकाशकाने मुक्त परवान्याच्या आधारे तिसऱ्या आवृत्तीचे नियम घेतले, ते सुधारायला काढले आणि सुधारणेचे कच्चे मसुदे सर्वांना खुले केले. मार्च २००८ मध्ये पहिला मसुदा आला, ऑगस्टमध्ये पुढचा, आणि ऑगस्ट २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हे पक्के पुस्तक. हजारो लोकांनी ते मसुदे खेळून आपली मते कळवली.

या उघड्या दाराचे खूप कौतुक झाले, आणि ते रास्तही होते. बंद दाराआड केलेल्या बदलांचा लोकांना धक्का बसतो, उघड्या दाराशी तेच बदल त्यांना आपले वाटतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या दारातून आत आले कोण? ज्यांना जुना खेळ सोडायचा नव्हता, ते. त्यांनी जुन्या खेळाचे बारीकसारीक दोष दुरुस्त करून घेतले. मात्र मोठे दोष, उदाहरणार्थ वरच्या पायऱ्यांवर जादूगारापुढे योद्धा फिका पडणे किंवा आकड्यांच्या बेरजा वाढत जाऊन एकेक लढाई रेंगाळणे, पुष्कळसे तसेच राहिले. ज्यांना हे दोष असह्य झाले होते ते आधीच दुसरीकडे निघून गेले होते. गैरहजर माणसाचे मत नोंदवहीत कधी येत नाही.

पावणेदोन लाखांची चाचणी

२०१२ च्या जानेवारीत ‘विझर्ड्स’ने पाचव्या आवृत्तीची घोषणा केली आणि या वेळी चाचणी सर्वांना खुली राहील असे सांगितले. माइक मर्ल्स आणि जेरेमी क्रॉफर्ड हे त्या कामातील प्रमुख. २४ मे २०१२ रोजी पहिले पाकीट निघाले. त्यात थोडे नियम, तयार पात्रे आणि गायगॅक्स यांच्याच एका जुन्या साहसातील गुहा होत्या. ही निवड शास्त्रीय दृष्टीने मार्मिक म्हणावी लागेल. साहस तेच आणि नियम नवे, त्यामुळे जो फरक दिसेल तो नियमांचा, असे निदान काही अंशी तरी म्हणता येत होते. पुढे पाकिटामागून पाकिटे आली. प्रत्येकाबरोबर प्रश्नावली असे, तिची उत्तरे मोजली जात आणि पुढचे पाकीट त्याप्रमाणे बदले. हे सप्टेंबर २०१३ पर्यंत चालले. त्यानंतर निवडक गटांत काम झाले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पुस्तक बाजारात आले.

चाचणीतून काय टिकले याचा एक सुंदर नमुना पाहू. पूर्वीच्या आवृत्त्यांत परिस्थिती अनुकूल असली की फाशाच्या आकड्यात एक मिळवा, दोन मिळवा, अशा बारक्या बेरजांचा सुळसुळाट असे. नव्या नियमात एवढेच सांगितले होते, की परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका आणि मोठा आकडा घ्या, प्रतिकूल असेल तर दोन टाका आणि लहान घ्या.

याचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. एका फाशाची सरासरी १०.५ येते. दोहोंतला मोठा घेतला तर ती १३.८२५ होते, लहान घेतला तर ७.१७५. पण सरासरीपेक्षा मजा पुढे आहे. समजा ११ किंवा अधिक हवे आहेत. एका फाशाने ही शक्यता ५० टक्के. दोन्ही फासे फसण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे २५ टक्के, म्हणून दोन फाशांनी यश ७५ टक्के. आता २० च हवे असतील तर ५ टक्क्यांचे ९.७५ टक्के होतात. आणि काम अगदी सोपे असेल, २ किंवा अधिक पुरत असतील, तर ९५ चे ९९.७५ होतात. म्हणजे अटीतटीच्या प्रसंगी अनुकूलता सर्वांत जास्त उपयोगी पडते. अशक्यप्राय काम तिने सोपे होत नाही आणि सोप्या कामाला तिची फारशी गरज नसते. व्यवहारातही असेच असते! शिवाय बेरीज करायची नाही, कोष्टक पाहायचे नाही. हा नियम लहान मुलालाही एका वाक्यात सांगता येतो.

हा नियम चाहत्यांनी सुचवलेला नव्हता. तो पहिल्याच पाकिटात होता, म्हणजे रचनाकारांच्या मेजावरूनच आला होता. चाहत्यांनी तो चालवून दाखवला. चाचणीचे खरे काम हेच आहे. कल्पना जमावातून क्वचित येते, पण कोणती कल्पना हाताळणीत टिकते हे जमावाशिवाय कळत नाही.

मोठा आकडा म्हणजे मोठा पुरावा नव्हे

आता पावणेदोन लाखांकडे वळू. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना १९३६ ची गोष्ट माहीत असेल. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. २३ लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यांवरून लँडन सहज निवडून येणार असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी मात्र सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून निकालाची दिशा बरोबर सांगितली होती. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात ही खात्यापित्या घरांची यादी होती. त्यातही उत्तर पाठवण्याचे कष्ट घेतले ते ज्यांना चीड होती त्यांनी. नमुना तिरका असेल तर तो मोठा केल्याने सरळ होत नाही, चूक फक्त अधिक ठामपणे सांगितली जाते.

खेळाच्या चाचणीत हाच तिरकसपणा आपोआप शिरतो. जो कच्चे नियम मागवून घेतो, मित्र जमवतो, तीन-चार तास खेळतो आणि वर लांबलचक प्रश्नावली भरतो, तो मुळातच मुरलेला खेळाडू असतो. पुस्तक मात्र नवख्यांनाही विकायचे असते. पहिल्या पाकिटात पात्रांच्या फक्त तीन पायऱ्या होत्या, मग पाच, असे करत वीसपर्यंत नियम गेले. साहजिकच खालच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा खेळल्या गेल्या आणि वरच्यांच्या वाट्याला थोडा वेळ आला. पुस्तकातही खालच्या पायऱ्यांचा खेळ घोटून गुळगुळीत झालेला आणि वरच्या पायऱ्यांचा खडबडीत, असे स्पष्ट जाणवते.

सरासरीचीही एक गफलत आहे. योद्धा या पात्राचे उदाहरण घ्या. काही खेळाडूंना योद्धा साधा हवा असतो. फासा टाकला, तलवार चालवली, झाले. काहींना त्याच्याही हाती डावपेच हवे असतात. ऑगस्ट २०१२ च्या पाकिटात योद्ध्याला जादा फासे देऊन डावपेच करण्याची सोय आली. पुढच्या पाकिटांत ती बदलत राहिली. अर्ध्यांना शून्य हवे आणि अर्ध्यांना दहा, अशा वेळी सरासरी पाच येते, आणि पाच तर कोणालाच नको असते! येथे रचनाकारांचा शहाणपणा दिसतो. त्यांनी सरासरी काढली नाही, उत्तरांतले दोन ढीग ओळखले. पक्क्या पुस्तकात योद्ध्याचे तीन प्रकार आले. एक अगदी साधा, एक डावपेच करणारा आणि एक थोडी जादू जाणणारा. प्रश्नावलीतला आकडा आणि त्या आकड्याचे वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळावे.

उत्तीर्णतेची रेघ

जिथे असे वाचन झाले नाही तिथे फसगत झाली. रेंजर हे अरण्यात वावरणारे, माग काढणारे पात्र. पुस्तक निघाल्यावर थोड्याच दिवसांत त्याबद्दल, विशेषतः प्राण्याला सोबत घेऊन लढणाऱ्या त्याच्या प्रकाराबद्दल, तक्रारी येऊ लागल्या. २०१५ आणि २०१६ मध्ये कंपनीला या पात्राच्या नव्या आवृत्त्या पुन्हा चाचणीसाठी काढाव्या लागल्या. पावणेदोन लाखांच्या नजरेतून हे कसे निसटले? एका संध्याकाळी रेंजर आवडतो. जंगल, धनुष्य, सोबतचा लांडगा, सगळे चित्रच मोहक आहे. तो कमी पडतो हे कळायला महिनोन्महिने खेळावे लागते, आणि शेजारच्या पात्राने किती वेळा घाव घातला, आपण किती वेळा, हे कोणीतरी मोजावे लागते. ‘आवडले का?’ या प्रश्नाला तेवढा धीर नसतो.

उलट बाजूही पाहा. ऑगस्ट २०२२ पासून याच खेळाच्या पुढच्या सुधारणेची खुली चाचणी सुरू झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरात नवी नियमपुस्तिका आली. साधारण ७० टक्के समाधान ही उत्तीर्णतेची रेघ आणि ८० च्या वर उत्तम, असे क्रॉफर्ड यांनी चाचणीच्या काळात सांगितले होते. शाळेतील गुणपत्रिकेचीच आठवण व्हावी! या चाचणीत ड्रूइड या रूप पालटणाऱ्या पात्रासाठी २०२३ मध्ये एक नवी सोपी पद्धत मांडली गेली. प्रत्येक पशूचे आकडे वेगळे न शोधता एका तयार साच्यावरून रूप घ्यायचे, अशी ती होती. लोकांना ती रुचली नाही, आणि पक्क्या पुस्तकात पुन्हा पशूंचे आकडे चाळणे आले.

ती पद्धत चांगलीच होती असे मी म्हणत नाही. पहिला मसुदा रुक्ष होता. माझा आक्षेप कसोटीवर आहे. सवयीच्या नियमाला सवयीचेच वीस-पंचवीस गुण आयते मिळतात, नव्या नियमाला ते कमवावे लागतात. ७० ची एकच रेघ दोघांना लावली तर जुने नेहमी पास होणार. ‘ही पद्धत वापरताना तुम्ही पुस्तक किती वेळा उघडले? रूप घ्यायला किती मिनिटे लागली? बाकीचे तेवढा वेळ काय करत होते?’ असे प्रश्न विचारले असते तर काही शिकायला मिळाले असते. ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नातून फक्त कौल मिळतो. रुग्णाला दुखते कुठे हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही, पण म्हणून औषधाची निवड मतदानाने करायची नसते.

कौल कुठे मागावा?

मग लोकांचे मत विचारूच नये काय? विचारावे, पण जिथे मत हाच पुरावा असतो तिथे. याचा धडाही याच खेळाने दिला आहे.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्या प्रकाशकांनी वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा द्यावा, आणि २००० सालापासून चालत आलेला मुक्त परवाना यापुढे अधिकृत राहणार नाही, अशा अटी त्यात होत्या. चाहते खवळले. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट खेळून, प्रश्नावल्या भरून हा खेळ घडवायला हातभार लावला होता, त्यांना वाटले की आपल्याला दारापर्यंतच आणले होते, घरात जागा कधी नव्हतीच. कंपनीने सौम्य केलेला मसुदा काढला आणि सवयीप्रमाणे त्यावरही प्रश्नावली दिली. १५ हजारांहून अधिक उत्तरे आली. ८८ टक्क्यांनी सांगितले, की या परवान्याखाली आम्हाला काही प्रसिद्ध करायचे नाही. जुना परवाना रद्द करण्याबद्दल ८९ टक्के असमाधानी होते. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना कायमचा खुला केला.

पावणेदोन लाखांच्या तुलनेत १५ हजार हा आकडा लहान. येथेही उत्तरे चिडलेल्यांचीच होती, नमुना तिरकाच होता. तरी हा निकाल मला जास्त भक्कम वाटतो, कारण येथे प्रश्न संमतीचा होता. ‘या अटी तुम्हाला मान्य आहेत का?’ याचे उत्तर ज्याच्यावर अट लादली जाते त्याच्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही. फासा किती वेळा अनुकूल पडतो हे मोजता येते. एखाद्याने आपले श्रम कोणत्या अटींवर द्यावेत हे मोजून ठरत नाही, त्यालाच विचारावे लागते. कंपनीने नियमांच्या बाबतीत अकरा वर्षे लोकांचा कौल घेतला आणि हक्कांच्या बाबतीत मसुदा फुटेपर्यंत घेतला नाही. व्हायला हवे होते नेमके उलटे.

आपल्यासाठी

ही चर्चा शिक्षकांना परकी वाटू नये. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे वाढत जाऊन २००२ पर्यंत चालला. त्यातील ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके शिक्षकांच्या अनुभवावरून पुन्हा पुन्हा सुधारली गेली. शिक्षकांच्या मासिक बैठका होत, आणि कार्यकर्ते शाळेत जाऊन प्रयोग चालू असताना वर्गात बसत. पुस्तक आवडले का, एवढ्यावर ते थांबत नसत. प्रयोग झाला का, कुठे अडला, मुलांनी काय निराळेच करून पाहिले, हे पाहिले जाई. तेथे वापरणाऱ्याचे मत आणि पाहणाऱ्याची नोंद या दोन्ही गोष्टी होत्या. खेळाच्या पावणेदोन लाख चाहत्यांजवळ पहिली होती, दुसरी फारशी नव्हती.

आठवी-नववीच्या वर्गात हे करून पाहता येईल. चार-चार मुलांच्या गटांना दोन फासे आणि कागद द्या, आणि वीस मिनिटांत एक छोटा खेळ रचून त्याचे नियम लिहायला सांगा. मग कागद शेजारच्या गटाला द्या. ज्यांनी नियम लिहिले त्यांनी जवळ उभे राहायचे, पण एक शब्दही बोलायचा नाही. खेळणारे कुठे थांबले, कोणते वाक्य दोनदा वाचले, कुठे भांडले, एवढेच वहीत टिपायचे. खेळ संपल्यावर खेळणाऱ्यांना दहापैकी गुण द्यायला सांगा आणि मग हे गुण व वहीतल्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवा. ज्या खेळात सर्वांत जास्त अडखळणे झाले त्यालाही भरघोस गुण मिळालेले आढळले, तर मुलांनाच विचारा की असे का झाले असेल. एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी मध्येच सूत्रधार बनून सगळे निभावून नेत होती का, हे त्यांच्या लक्षात येते का ते पाहा.

२०१४ चे पुस्तक वाईट नाही. ते सुबोध आहे, लाखो नवे खेळाडू त्याने या छंदाकडे आणले, आणि दोन फाशांचा तो नियम तर रचनेचा उत्तम नमुना आहे. पण हे यश चाहत्यांच्या संख्येने मिळाले, असे त्या एका ओळीवरून वाटत असेल तर ते खरे नाही. ते मिळाले ते जिथे कोणीतरी उत्तरांतले ढीग वेगळे केले आणि खेळणाऱ्यांचे हात पाहिले तिथे. जिथे फक्त टक्के मोजले गेले, तिथे पावणेदोन लाख माणसांची मेहनत असूनही रेंजर जंगलात वाट चुकलाच.